डावीकडचा आरसा

आत्या, परवा शोरूममधून पुन्हा फोन आला. पप्पांनी उचलला. पलीकडच्या माणसाने नेहमीसारखं "मॅडम आहेत का?" असं विचारलं असणार, कारण पप्पांनी फोन कानापासून लांब केला. मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. मला फोनवर बोलायला आवडत नाही, अनोळखी माणसाशी तर अजिबात नाही, हे तुला माहीत आहे. आपल्या दोघींत फोन करायचं काम तुझं आणि इंग्रजी माहितीपत्रकं वाचायचं माझं, असं ठरलेलं होतं. तरी मी बोलले. मॅडम नाहीत, असं सांगितलं. तो म्हणाला, "मग कधी येतील?"

मी "गाडीचं आम्ही कळवतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाला राहुरीच्या आसपासच्या गावांतून इतके लोक आले की मंडपाबाहेर उभे राहिले. निम्मे तुझ्या चिलिंग सेंटरवर दूध घालणारे होते. ज्यांचं दूध तू नापास करून परत पाठवलं होतंस, तेसुद्धा होते. सगळे गेल्यावर पप्पा खुर्च्यांच्या चळतीशेजारी बसले आणि म्हणाले, "ताईची गाडी घ्यायची. तिचं एवढं राहायला नको. कुठली ठरली होती?"

मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याची घरात सगळ्यांना सवय आहे, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. पण आत्या, आपलं काहीच ठरलं नव्हतं. घरच्यांना वाटत होतं की आपण दोघी रविवारी नगरला जाऊन गाडी ठरवतोय. आपण नुसत्या भांडत होतो.

तुला विचित्र वाटेल, पण मला त्या भांडणाची फार आठवण येते. तुझी येते तेवढीच.

तू एका गाडीला 'गुणी' म्हणायचीस आणि दुसरीला 'नटवी'. मी गुणीला 'डबा' म्हणायचे, पण ते नाव काही चाललं नाही. दोन्ही शोरूम एकाच रस्त्यावर, समोरासमोर. गुणी महाग होती आणि तिच्यात काहीच नव्हतं. एसी नाही, टेप नाही, काच हाताने फिरवून खाली करायची, बंपर काळा, आणि आरसा फक्त ड्रायव्हरच्या बाजूला. डाव्या बाजूला आरसाच नाही! नटवी स्वस्त होती आणि तिच्यात सगळं होतं. एसी, कॅसेट प्लेअर, बटणावर वरखाली होणाऱ्या काचा, एका चावीत बंद होणारे चारही दरवाजे, आणि आत एक छोटंसं हिरवं घड्याळ. जास्त पैसे देऊन कमी वस्तू घ्यायच्या, हे मला पटत नव्हतं. तू म्हणालीस, "अगं, इंजिन बघ. पत्रा बघ. घड्याळ माझ्या हातात हाय." आणि शोरूममधल्या सगळ्यांसमोर तू दोन्ही गाड्यांच्या दरवाजांवर बोटाच्या पेराने टकटक केलंस, चिलिंग सेंटरमध्ये दुधाचे कॅन वाजवून बघायचीस तशी. गुणीचा आवाज भरीव आला. नटवीचा जरा पोकळ आला. सेल्समन म्हणाला, "मॅडम, तसं कोणी बघत नाही."

"मी बघते," तू म्हणालीस. "आता बोल."

तुझं भांडण नेहमी याच दोन शब्दांवर संपायचं. मुद्दा मारला की हात कमरेवर आणि "आता बोल." माझ्यासारखीला हे म्हणायचं, ज्या मुलीला लहानपणापासून सगळे पाहुणे "बोल की गं" म्हणत आले. पण पाहुण्यांपुढे जी जीभ वळायची नाही, ती तुझ्यापुढे वळायची. आमच्या श्रीरामपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वादविवाद स्पर्धा असायच्या. मी एकदाही नाव दिलं नाही. माझे सगळे वाद तुझ्या क्वार्टरच्या ओट्यावर झाले, शेंगा सोलताना.

पहिल्या दिवशी नटवीच्या सेल्समनने तुझ्या मागे दाराकडे बघत विचारलं होतं, "साहेब गाडी लावून येताहेत का?"

"गाडी असती तर घ्यायला कशाला आलो असतो?" तू म्हणालीस. "आणि साहेब मीच."

त्या वेळी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आता तो प्रसंग मी रोज एकदा तरी आठवते आणि एकटीच हसते.

किटलीची गोष्ट मात्र मी अजून कोणाला सांगितलेली नाही. गाडी कशी आहे हे दुधाइतकं कोणाला कळत नाही, असा तुझा सिद्धांत होता. खराब गाडीतून आलेलं दूध हिंदकळून हिंदकळून सेंटरवर पोचेपर्यंत त्यावर लोण्याचे कण तरंगायला लागतात, हे तू वर्षानुवर्षं बघितलेलं. त्यामुळे कुठल्या गावाचा टेम्पो कसा आहे हे तू टेम्पो न बघता सांगायचीस. म्हणून एका रविवारी तू राहुरीहून एसटीत मांडीवर अल्युमिनियमची किटली घेऊन आलीस, दुधाने भरलेली, झाकणावर फडकं बांधलेलं. मला वाटलं कोणाकडे तरी द्यायची असेल. शोरूमच्या दारात तू फडकं सोडलंस, झाकण काढून पिशवीत टाकलंस, आणि किटली माझ्या हातात दिलीस. काठोकाठ.

"तू डावीकडं बस. मांडीवर ठेव. धरायची न्हाई घट्ट, नुसता हात लावायचा."

"आत्या, लोक बघताहेत."

"बघू दे. त्यांनाबी गाडी घ्यायचीच असंल."

आधी गुणी. विळद घाट उतरून खाली आणि परत. मी श्वास रोखून बसले होते. दूध काठाशी यायचं आणि मागे जायचं. एक थेंब सांडला नाही. मग किटली घेऊन आपण रस्ता ओलांडला आणि नटवीत बसलो. मागच्या सीटवर सेल्समन, पुढे वाकून, डोळे किटलीवर. एसी चालू, काचा बंद, बाहेरचं ऊन जणू दुसऱ्या कोणाचं. मला इतकं बरं वाटत होतं! घाटाच्या उतारावर सगळं ठीक होतं, आणि वळणावर मेंढ्या. अख्खा कळप रस्त्यावर. तू ब्रेक मारलास. दूध माझ्या पांढऱ्या ड्रेसवर, सीटवर, खाली पायपुसण्यावर.

"मॅडम! सीट! नवीन सीट!"

"दूधच हाय, ॲसिड न्हाई," तू म्हणालीस. आणि माझ्याकडे वळून, "बघितलंस? नापास. आता बोल."

मी बोलले. ड्रेस मांडीला चिकटला होता, तरी बोलले. मी म्हणाले की दूध मेंढ्यांमुळे सांडलं, गाडीमुळे नाही. तू म्हणालीस, ब्रेक तर गाडीचाच. मी म्हणाले, ब्रेक चांगला लागला म्हणूनच सांडलं, वाईट ब्रेक असता तर दूध राहिलं असतं आणि मेंढ्या गेल्या असत्या. मागून सेल्समन म्हणाला, "बरोबर बोलताहेत ताई." मी अनोळखी माणसासमोर इतकी वाक्यं सलग कधीच बोलले नव्हते. तू स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसलीस. मेंढपाळ काचेत वाकून बघायला लागला, तरी हसत होतीस.

"बरं," तू म्हणालीस. "परत करू. मेंढ्या नसताना."

ते परत करायचं राहिलं.

खरं म्हणजे भांडण इंजिनाचं आणि घड्याळाचं नव्हतं, हे आपल्या दोघींना कळत होतं. ते काचेचं होतं. मला काच बंद होणारी गाडी हवी होती. मी तुला धुळीचं कारण सांगितलं, उन्हाचं सांगितलं, डोकं दुखतं असं सांगितलं. लहानपणी सुट्टीत तुझ्या सेंटरच्या जीपमधून मी गावोगाव फिरले. त्या जीपला दारंच नव्हती. जिथे थांबू तिथे बायाबापड्या जीपला टेकून उभ्या राहायच्या, मला निरखायच्या, माझं मराठी ऐकून तोंडाला पदर लावायच्या. मला एखाद्या गाडीत आत बसून कोणालाही न दिसता जग बघायचं होतं. नटवीच्या काचा तर थोड्या काळसर होत्या.

तू एकदा ओट्यावर म्हणालीस, "मनू, तुझं खरं हाय, गार वाटतं. पण मी पाटबंधाऱ्याच्या रस्त्यानं अनवाणी शाळेत जायचे ना, तवा ह्याच लोकांनी मला बघितलंय. पायी बघितलंय. मग बैलगाडीत मागं, मग येष्टीत मागच्या सीटवर, मग लुनावर. आता मी गाडी चालवताना त्यांनी मला बघायला नको का? काच वर केली तर त्यांना गाडी दिसंल. मी न्हाई दिसायची."

यावर मी नुसत्या शेंगा सोलत राहिले. तू पण "आता बोल" म्हणाली नाहीस.

आणखी एक. मी तुला टेपचा मुद्दा काढला होता, की लांबच्या रस्त्याला गाणी हवीत. तू म्हणालीस, "गाणी कशाला? तू असशील की बोलायला." मी म्हणाले, मी कुठे बोलते? "म्हणून तर टेप नको. टेप लावला की तू सुटलीस." आणि डावीकडचा आरसा नाही म्हटल्यावर तुझं उत्तर तयार होतं. "डावीकडं तू बसशील ना. काय येतंय ते सांगायचं."

म्हणजे त्या गाडीत मला बसवण्याची जागा तू आधीच नक्की केली होतीस. हे मला आता कळतंय. माहितीपत्रकात ते कुठेच नव्हतं.

गाडी चालवायला तूच शिकवलंस, कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर, सेंटरच्या त्याच जीपवर. क्लच कसा सोडायचा? "झोपलेल्या लेकराच्या अंगावरची गोधडी काढतो, तसा." ते मला लगेच जमलं. हॉर्न जमेना. समोर म्हैस असली तर मी गाडी थांबवून ती जाईपर्यंत बसायचे. हॉर्न वाजवणं म्हणजे सगळ्यांनी माझ्याकडे बघणं. तू कपाळाला हात लावायचीस. "अगं, वाजीव की! ती म्हैस काय तुझ्या इंग्रजी शाळंत न्हाई गेली, मनातलं वळखायला." मग तू शेजारून हात लांब करून स्वतःच दाबायचीस. माझ्या वाटचा हॉर्न वर्षभर तू वाजवलास.

दवाखान्याबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटीच तुझ्याजवळ होते. नाकातली नळी तू सारखी बाजूला करत होतीस आणि नर्स सारखी परत लावत होती. तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, "नटवीच घे."

"कोणी?"

"आपण. बटणाची घे. तुला आवडतीय. मेंढ्यांचंच हुतं ते. गाडीचं न्हाई."

आत्या, इतके महिने मला हेच ऐकायचं होतं. आणि तू ते म्हणालीस. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नव्हतं, पप्पा कॉरिडॉरमध्ये फिरत होते त्यावरून कळलं नव्हतं, ते मला त्या क्षणी कळलं. तू कधी कोणाला मुद्दा सोडला नाहीस. सेंटरच्या चेअरमनला सोडला नाहीस, घरात आजोबांना सोडला नाहीस, आणि मला, मऊ आवाजात, एवढ्या सहज? मी म्हणाले, "असं चालणार नाही. परत टेस्ट करायची ठरलंय. मेंढ्या नसताना." तू डोळे मिटून थोडी हसलीस. मग तुला झोप लागली.

मला तेव्हा दुसरं काहीतरी सांगायचं होतं. शब्द जुळवत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि तोवर तू झोपलीस. ते आता सांगते. जीपमधून फिरताना बाया विचारायच्या, "ही कोण वं मॅडम?" तू एखाद्या वेळी "माझ्या भावाची, सुभाषची पोरगी" म्हणायचीस, "भाची" म्हणायचीस. पण घाईत असलीस की स्टार्टर मारता मारता नुसतं म्हणायचीस, "माझी हाय." मला काच बंद होणारी गाडी हवी होती हे खरं. पण दर गावात, जीप थांबली की, कोणीतरी तो प्रश्न विचारावा आणि तू घाईत असावीस, असंही मला वाटायचं. काच बंद असती तर ते ऐकू आलं नसतं.

काल रविवार होता. मी पप्पांना म्हणाले, नगरला जायचंय. किटली मी तुझ्या क्वार्टरमधून आणली. सेंटरवरच्या लोकांनी दूध भरून दिलं, कशाला ते विचारलं नाही. तुझ्या किटलीला ते नाही म्हणणार नव्हते. एसटीत मी ती मांडीवर घेऊन बसले, पप्पा शेजारी.

नटवीच्या शोरूममध्ये सेल्समनने आधी किटली बघितली. तो आत जाऊन प्लास्टिकचा मोठा कागद घेऊन आला. मग त्याने पप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असावं. त्याने तो कागद घडी करून परत आत नेला. "घ्या ताई," म्हणाला, आणि चावी दिली. या वेळी तो मागच्या सीटवर सरळ पाठ टेकून बसला.

मी उजवीकडे बसले. पप्पा डावीकडे, किटली मांडीवर. मी म्हणाले, "घट्ट धरायची नाही. नुसता हात लावायचा." पप्पांनी एकदाही हे काय चाललंय असं विचारलं नाही. मोठ्या बहिणीचं ऐकत वाढलेला माणूस.

विळद घाट. त्याच वळणावर मी आधीच गाडी हळू केली. मेंढ्या नव्हत्या. सायकलवर उसाच्या वाढ्याचा भारा लादून एक माणूस रस्त्याच्या मधोमध चालला होता, भाऱ्यामुळे त्याला मागचं काही दिसत नव्हतं. मी वाट बघितली. शेजारून तुझा हात येईल असं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग मी हॉर्न वाजवला. चांगला लांब वाजवला. तो माणूस दचकून बाजूला झाला आणि त्याने वळून थेट माझ्याकडे बघितलं. मी पण बघितलं.

दूध काठापर्यंत आलं, थरथरलं आणि मागे गेलं.

खाली जाऊन परत शोरूमपर्यंत, एक थेंब नाही. मी इंजिन बंद केलं आणि डावीकडे वळले, तुझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून. तोंडात शब्द तयार होते. तिथे पप्पा होते. ते दुधाकडे बघत होते.

"मग हीच ना, ताई?" सेल्समनने खाली उतरून विचारलं. तो खरंच आनंदला होता.

"नाही," मी म्हणाले. "समोरची."

"पण एक थेंबसुद्धा सांडला नाही!"

"माहीत आहे."

त्याने पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, "ती म्हणते तसं." मग आम्ही रस्ता ओलांडला. पप्पांच्या हातात किटली तशीच उघडी, काठोकाठ. त्या रहदारीतून त्यांनी ती कशी नेली, कोण जाणे.

तुझ्या आवडीची म्हणून गुणी घेतली, असं घरी सगळे म्हणताहेत. मी त्यांना दुरुस्त करत नाही. तुला मात्र सांगते. नटवी चांगली गाडी आहे. माझंच बरोबर होतं, ते मी तुझ्याच किटलीने तुझ्याच रस्त्यावर सिद्ध केलं. पण ती घेतली असती तर आपलं भांडण मिटलं असतं, आणि मिटलं असतं ते दवाखान्यातल्या त्या मऊ आवाजात. दरवेळी बटण दाबलं की मला तोच आवाज ऐकू आला असता. त्यापेक्षा ही बरी. मे महिन्यात नेवाशाच्या रस्त्याला घामाने पाठ सीटला चिकटेल, धूळ नाकातोंडात जाईल, काच फिरवून फिरवून मनगट दुखेल, आणि मी मोठ्याने तुला म्हणेन, बघ, सांगत होते की नाही. काच उघडी असेल, त्यामुळे रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल. जाऊ दे. कोणी विचारलं की कोणाची गं तू, तर तुझं नाव सांगेन.

बुकिंग करताना तिथल्या माणसाने विचारलं, डावीकडचा आरसा वेगळा मिळतो, बसवून देऊ का? पप्पा लगेच हो म्हणाले. मी म्हणाले, "थोडे दिवस नको." पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि कारण विचारलं नाही.

गाडी पुढच्या आठवड्यात येईल. पहिल्यांदा ती मी एकटीच कालव्याच्या रस्त्याला घेऊन जाणार आहे, काच पूर्ण खाली करून. तुझी जागा डावीकडे. टेस्ट मी जिंकले आहे, गाडी तुझी घेतली आहे, टेप नाही, गाणी नाहीत, तिकडून काय येतंय ते मला दिसत नाही.

आता बोल.